मुरबाडला पाच मेंढ्या आहेत, टकळीवर कातायला मऊ लोकर हवीय, एडका (नर मेंढा) कुठला आणू?

टकळीवाली_नौपाडा

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी मेंढपाळ वगैरे कोणी नाही, ठाण्यात राहते, नोकरी करते, लॉकडाऊनमध्ये टकळीवर कापूस कातायला शिकले आणि ते वेड वाढत वाढत लोकरीपर्यंत गेलं. सासऱ्यांची मुरबाडच्या पुढे दोन एकर भाताची जमीन आहे, घर आहे, तिथे एक काका-मावशी राहून सगळं बघतात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर घाटावरून धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट त्यांचा फिरता तळ, खाली उतरला, आमच्या खाचरात चार रात्री मेंढ्या बसवल्या खतासाठी, आणि मी अक्षरशः हट्ट करून त्यांच्याकडून पाच माद्या विकत घेतल्या. चार काळ्या, एक करडी. घरचे म्हणाले लोक सोनं घेतात पाडव्याला, हिने मेंढ्या घेतल्या.

फेब्रुवारीत पहिली कातरण केली, काकांनी धरायचं आणि मी कातरायचं, एका मेंढीला दीड तास. पाचांची मिळून पावणेदोन किलो लोकर निघाली, त्यातली शेणाची आणि पोटाखालची टाकून दिल्यावर सव्वा किलो. धुतली, पिंजली, कातली, नवऱ्यासाठी मफलर विणला. त्याने फार्महाऊसवर थंडीत घातला आणि पाच मिनिटांत काढला, म्हणे मानेला चटई गुंडाळल्यासारखं वाटतंय. मान खरंच लाल झाली होती.

तर प्रश्न असा की आता एखादा चांगला एडका आणून पुढची पिल्लं मऊ लोकरीची करता येतील का? मला शंभर मेंढ्या नकोत, सात-आठ पुरे, पण लोकर कातायला चांगली हवी. एक जण म्हणतो मेरिनो आण, दुसरा म्हणतो राजस्थानची चोकला, तिसरा म्हणतो गुजरातची पाटणवाडी. बजेट फार नाही पण एक एडका आणि टेम्पोचं भाडं एवढं जमेल. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

पवन_घोडबंदर

मेरिनोच आणा, बिनधास्त. जगात सगळ्यात मऊ. यूट्यूबवर बघा ऑस्ट्रेलियात एकेका मेंढीची चार-पाच किलो निघते.

गुरांचा_डॉक्टर_बेलापूर

पवनराव, ऑस्ट्रेलियात मुरबाडचा पाऊस पडत नाही हो.

ताई, मी निवृत्त पशुवैद्यक, नोकरीची बरीच वर्षं ठाणे-रायगडात गेली म्हणून जरा कडक लिहितो, राग मानू नका. तुमच्या भागात पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस सहज होतो, आणि तुमच्या मेंढ्या ज्या माणदेश-पारनेरकडच्या माळावरच्या, तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटर म्हणजे चांगलं वर्ष. तुमच्या मेंढ्यांची जात ती डेक्कनी, तीसुद्धा म्हणून जूनच्या आत घाट चढून परत जाते, तो काही धनगरांचा हौशी प्रवास नाही. मेरिनोची लोकर दाट, चिकट, तिच्यात पाणी मुरलं की वाळत नाही, आतली कातडी कुजते, माशी अंडी घालते आणि दोन दिवसांत अळ्या. आपल्याकडे सरकारी फार्मवर डेक्कनीवर मेरिनो आणि राम्बुले या परदेशी बारीक लोकरीच्या जातींचे संकर करून झालेत, लोकर बारीक झालीही, पण ती जनावरं आपल्या हवेत आणि रोजच्या पायपिटीत टिकेनात. भारत मेरिनो म्हणून जी आहे ती ठेवतात कोडाईकनालजवळ मन्नवनूरला, थंड डोंगरात. त्यावरून काय ते समजा.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. तुमची जागा भाताची. खाचरात पाणी साचतं, त्यात बारीक गोगलगायी असतात, त्यांच्या पोटात लिव्हर फ्लूकची पिल्लं वाढतात, बाहेर पडून गवताच्या पात्याला चिकटतात आणि मेंढी ते गवत खाते. मग ती हळूहळू खंगते, डोळ्याची आतली कड पांढरी पडते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. लोक म्हणतात चारा लागत नाही. चारा नाही, यकृत खाल्लेलं असतं. पावसाळ्यात आणि नंतर दोन महिने खाचरात सोडू नका, आणि शेण तपासून औषध द्या, दर महिन्याला डोळे झाकून जंताचं औषध पाजणं हा पण एक रोगच झालाय हल्ली.

लसी झाल्यात का? पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस) एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते, आंत्रविषाराची मात्र दरवर्षी पावसाच्या आधी. सरकारी दवाखान्यात विचारा.

टकळीवाली_नौपाडा

डॉक्टर, बापरे. लसी दोन्ही झाल्यात, पण खाचरातच चरतात त्या, ते आजच काकांना फोन करून थांबवते. मेरिनो कॅन्सल. चोकला?

गुरांचा_डॉक्टर_बेलापूर

चोकला शेखावाटीची, चुरू-सीकर-झुंझुनू भागातली, कोरड्या वाळवंटी हवेची. लोकर राजस्थानच्या जातींत सगळ्यात बारीक म्हणतात ते बरोबर आहे. पण पाऊस हाच मुद्दा परत येतो. पाटणवाडीचंही तेच. तुम्हाला नवीन जात नको, आहे त्या जातीत निवड हवी.

आणि पाच माद्यांना स्वतःचा एडका पाळणं म्हणजे एका माणसासाठी लग्नाचा हॉल बुक करणं. सरकारची मेंढीपालनाची महामेष योजना आहे ना, त्यात पण २० माद्यांना १ नर असंच गणित आहे. तुमचा एडका अकरा महिने रिकामा बसून शिंगं घासत राहील आणि पुढच्या वर्षी स्वतःच्याच मुलींवर चढेल, मग पिल्लं खुरटी.

माणदेशी_कोपरखैरणे

राम राम. मी एपीएमसीत माथाडी, गाव माण तालुक्यात, घरी अजून बापाची दीडशे मेंढरं हायत. डॉक्टरांशी ९० टक्के सहमत. बाकीचे १० टक्के खाली लिहितो.

ताई आधी एक सांगतो, आमच्यात मेंढराला बकरीच म्हणत्यात आणि शेळीला शेरडं, त्यामुळं वाड्यावर जाऊन मेंढी मेंढी करत बसला तर तुम्ही मुंबईच्या हाय हे तिथंच कळतं आन भाव वाढतो. हे पहिलं.

आता लोकरीचं. तुम्ही बाजारात गेला, लोणंद असू दे नाहीतर आटपाडी, तिथं एडका मिळंल तो मटणाचा. आजकाल सगळी माडग्याळ मिसळायला लागल्यात, जत भागातलं ते, उंच, नाक पोपटासारखं, वजन लवकर धरतं, कोकराला पैसा चांगला. पण अंगावर लोकर नावाला. बापाला विचारलं तर म्हणतो लोकरीला इचारतंय कोण, कातरणाऱ्याला द्यायचे पैसेसुद्धा लोकरीतनं निघत नाहीत, कातरून बांधावर टाकून देत्यात लोक. मग एडका निवडताना लोकर बघणार कोण? आजा बघायचा. त्याला सनगराकडं घोंगड्याला लोकर द्यायची असायची आणि सनगर लोकर मुठीत दाबून बघायचा, आणि कुसळासारखी लागली की तोंड वाकडं करून भाव पाडायचा. म्हणून तवा मऊ लोकरीची जनावरं राखायची पद्धत होती. आता ती जुन्या वाणाची काळी बकरी हुडकावी लागतील, बाजारात नाही, वाड्यावर, आणि ते पण म्हाताऱ्या माणसाच्या वाड्यावर.

बघायचं कसं ते सांगतो. जनावर धरायचं, खांद्यावर दोन अंगठ्यांनी लोकर फाकवायची, कातडीपर्यंत. मग बरगडीवर. मग मागं मांडीवर. खांद्यावरची कुणाचीपण बरी असती, मालक तीच दाखवणार. खरी गोष्ट मांडीवर. तिथं जर शेळीच्या केसासारखे जाड राठ केस निघाले तर ते जनावर सोडून द्या, कितीही देखणं असू द्या. खांदा आणि मांडी यात फरक जितका कमी तितकं जनावर लोकरीला चांगलं. आजा एवढं एकच बघायचा, बाकी दात. दोन दाती, चार दाती म्हंजे तरणी, ती घ्या. जुळलेली, म्हंजे सगळे दात आलेली, घेऊ नका, तिला वर्षं कमी राहिली.

आणि कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ती कधी दुसऱ्या लोकरीत मिसळू नका. जावळाचं घोंगडं अंगाला टोचत नाही. तुमच्या नवऱ्याच्या मफलरला तेच लागणार.

लोकरवेडी_नेरूळ

माणदेशी दादा, कसलं भारी लिहिलंय, हे कुठे वाचायला मिळत नाही!

टकळीवाली, मी मेंढ्या पाळत नाही, मी फक्त लोकर आणते आणि कातते, त्यामुळे माझा सल्ला लोकरीच्या बाजूने. तुझी सव्वा किलो तू सगळी एकत्र पिंजलीस ना? तिथेच घोटाळा आहे. मी पण पहिल्या वर्षी हेच केलं. कातरण झाली की मेंढीगणिक वेगळी ठेव, आणि त्यातही खांदा-बरगडी एका पिशवीत, मांडी-शेपटी दुसऱ्या पिशवीत. मग एकेक बट उचल, पांढऱ्या कागदावर काळी लोकर, काळ्या कापडावर पांढरी लोकर ठेव आणि उन्हात बघ. तुला दोन प्रकारचे केस दिसतील, एक बारीक, थोडे लहरी, आणि एक सरळ, जाड, वाकवले की तुटल्यासारखे कोपरा घेणारे. ते दुसरे मेलेले केस, आतून पोकळ, रंग धरत नाहीत, पीळ धरत नाहीत, सुतातून टोकं बाहेर काढून बसतात आणि मान लाल करतात ते हेच. तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचा जाड केस कातडीला टोचतो असा ढोबळ हिशोब आहे आणि डेक्कनीच्या लोकरीची सरासरीच त्याच्या वर जाते, तेव्हा निवडल्याशिवाय मानेला ती चालणारच नाही.

मी बटेचं टोक धरून कुत्र्याच्या ब्रशने विंचरते, लांब राठ केस बरेचसे हातात येतात, खाली राहतं ते पेळूला, म्हणजे कातायच्या वळीला. किलोला पाव किलो बाजूला जातं, त्याचा मी चहाच्या भांड्याखाली ठेवायच्या चकत्या करते, बशीच्या आकाराचं जेन, म्हणजे लोकर दाबून केलेली जाड बैठक. वाया काही जात नाही.

अजून एक टेस्ट. बट दोन्ही हातांनी धरून कानाजवळ ताण आणि झटका दे. टण्ण वाजलं तर लोकर पक्की. चर्र आवाज येऊन मधेच तुटली तर त्या मेंढीने मधे कधीतरी उपास काढलाय किंवा आजारी होती, केस त्या जागी बारीक होतो. अशी लोकर पिंजताना गाठी गाठी होते आणि सूत कितीही नीट काढ, सुरवंटासारखं दिसतं. एडका बदलून हे जात नाही, चारा बदलून जातं.

धुताना रिठा, कोमट पाणी, ढवळायचं नाही. माझ्या सासूबाईंनी एकदा प्रेमाने माझी दोनशे ग्राम लोकर वॉशिंग मशीनमध्ये टाकली होती. पायपुसणं झालं, अजून दारात आहे. आणि पावसाळ्यात लोकर प्लास्टिकमध्ये ठेवू नकोस, उशीच्या अभ्र्यात ठेव आणि आठवड्याला उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा झटक, नेरूळमध्ये मला कसरीने दोनदा रडवलंय.

पवन_घोडबंदर

मी मागे घेतो मेरिनो 🙏 पण ताई मग शेळ्याच का नाही पाळत, कोकण कन्याळ म्हणून आपल्या कोकणासाठीचीच जात आहे ना?

लोकरवेडी_नेरूळ

शेळीचं सूत कातून तू घाल मग मफलर.

गुरांचा_डॉक्टर_बेलापूर

माणदेशी, तुमचे ते दहा टक्के राहिले सांगायचे.

माणदेशी_कोपरखैरणे

हा राहिलंच. डॉक्टर म्हणत्यात पावसाळ्यात खाचरात सोडू नका, मग बांधून ठेवायची का चार महिने? बकरी बांधून जगत नाही ओ. तिला रोज पाच-सहा किलोमीटर चालवलं नाही तर खुरं वाढतात, ओल्यात खुरांच्या बेचक्यात सडतं, लंगडायला लागतं जनावर. माझं म्हणणं, मे महिन्याच्या शेवटी वाडा परत घाटावर जाताना त्यांच्याबरोबर पाचही पाठवून द्या. अर्धलीनं द्या. कोकरं निम्मी त्यांची निम्मी तुमची, लोकर सगळी तुमची, लोकरीला ते नाही म्हणणारच नाहीत. दिवाळीला परत येतील आणि येताना गाभण होऊन येतील, एडका पाळायची भानगडच नाही. फक्त कुठल्या एडक्याखाली जाऊ द्यायची ते आधी बोलून घ्या, नाहीतर माडग्याळचं पोपटनाक घेऊन येतील.

गुरांचा_डॉक्टर_बेलापूर

सल्ला चांगला आहे, पण तो तुमच्या बापाच्या वाड्याला लागू, सगळ्यांना नाही. अनोळखी वाड्याबरोबर दिलेली पाच जनावरं सप्टेंबरमध्ये तीन झाली आणि दोन लांडग्याने नेली असं ऐकायला मिळालं तर ताई काय करणार? मी अशी भांडणं दवाखान्याच्या दारात सोडवलीत. आणि पाठवायचं नसेल तर जमिनीपासून तीन फूट उंच, फळ्यांमध्ये फटी ठेवलेला मचाण गोठा करता येतो, लेंडी-मूत खाली पडतं, पाय कोरडे राहतात, उघडीप असेल तेव्हा वरच्या माळावर फिरवून आणायचं. खर्च आहे पण जमतं. मी करून बघितलेले लोक आहेत कर्जतला.

आणि हो, गायीचं मिनरल मिक्श्चर मेंढीला घालू नका. त्यात तांबं जास्त असतं, गायीला चालतं, मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन जनावर आडवं. काका-मावशींकडे गाय असेल तर हे हमखास होतं.

माणदेशी_कोपरखैरणे

लांडग्याचं खरंय, नाकारत नाही. आमची पण गेल्यात. पण माणूस बघून द्यायचं असतं डॉक्टर, बकरी आणि पोरगी दोन्ही.

लोकरवेडी_नेरूळ

दादा ती शेवटची ओळ नसती लिहिली तरी चाललं असतं.

माणदेशी_कोपरखैरणे

चुकलं. बकरीपुरतं धरा.

टकळीवाली_नौपाडा

सगळ्यांना मनापासून थँक्यू, आणि उशिरा लिहितेय कारण शनिवार-रविवार मुरबाडला होते. काय काय झालं ते सांगते.

गायीचं मिनरल मिक्श्चर, हो. मावशी गेले तीन महिने रोज मूठभर घालत होत्या, प्रेमाने. बंद केलं. डॉक्टर, पाचही सध्या बऱ्या आहेत, डोळ्यांची कड बघितली, चौघींची गुलाबी आहे, एका काळीची जरा फिकट. तिचं शेण सोमवारी दवाखान्यात दिलं, रिपोर्ट यायचाय.

मग माणदेशी दादांची परीक्षा घेतली. काकांनी एकेक धरली, मी अंगठ्यांनी लोकर फाकवली. कातरून तीन महिनेच झालेत त्यामुळे जेमतेम दीड इंच आहे पण कळतं! तीन काळ्यांच्या मांडीवर चक्क झाडूच्या काड्या. चौथी बरी, खांद्याला आणि बरगडीला छान, मांडीवर राठ. आणि करडी, जिला मी रंग मळका म्हणून शेवटी घेतली होती आणि धनगरमामांनी जवळजवळ फुकटात दिली होती, तिची मांडी आणि खांदा मला डोळे मिटून वेगळे सांगता येईनात. मी तिघांना करून बघायला लावलं, काका, मावशी आणि नवरा. नवऱ्याने मान पुढे करून थेट तिच्या पाठीवर टेकवली, म्हणाला ही चालेल. दात बघितले, चार दाती.

फेब्रुवारीतली एक पिशवी न पिंजलेली उरली होती, ती सगळी मिसळलेलीच होती पण करड्या बटा रंगावरून ओळखू येत होत्या, रात्री बसून वेचल्या, ऐंशी ग्राम निघाल्या. कुत्र्याचा ब्रश शेजाऱ्यांकडून आणला. लोकरवेडी, तू म्हणालीस तसं पेळू करून टकळीवर बारीक पीळ कमी ठेवून काढलं, पहिल्यांदा असं झालं की धागा आपण होऊन लांबत गेला, मी ओढत नव्हते.

तर एडका आणत नाही. त्या तीन राठवाल्या दिवाळीला वाडा आला की परत देईन आणि करडीसारख्या दोन बघून घेईन. पावसाळ्याचं मात्र ठरत नाहीये, मचाणाचा अंदाज सुताराने बराच सांगितला आणि वाड्याबरोबर पाठवायचं म्हटलं तर माझा जीव करडीत अडकलाय. वाडा सध्या मुरबाड आणि टोकावड्याच्या मधे कुठेतरी आहे असं काका म्हणतात, आठवड्याभरात घाट चढतील.

माणदेशी_कोपरखैरणे

करडी विकू नका, कुणी कितीबी भाव दिला तरी. आजा असता तर तिच्या पोटचा नर राखला असता, तोच तुमचा एडका, पण तिच्यावर नाही, दुसऱ्या माद्यांवर.

वाडा कुणाचा ते नाव मला मेसेज करा, इथं जाहीर नको. बापाला फोन करून विचारतो, माणदेश ते पारनेर सगळे एकमेकाला वळखत्यात, माणूस कसा हाय ते संध्याकाळपर्यंत कळंल. चांगला निघाला तर रविवारी मला सुट्टी हाय, कल्याणला भेटू, मी येतो बोलायला. तुम्ही बोलू नका, तुम्ही मेंढी म्हणाल.

टकळीवाली_नौपाडा

बकरी म्हणेन. मेसेज केलाय. आणि पाठवायची ठरली तर खूण काय करतात, कान कापतात ते नको प्लीज.

माणदेशी_कोपरखैरणे

कान नको तर शिक्का मारा रंगाचा पाठीवर. पण लोकरीत रंग जाणार, मग कातताना मला शिव्या घालाल. गळ्यात घंटी बांधा, आणि दोर तुमच्या त्या सुताचाच वळा, तीन पदरी.

गुरांचा_डॉक्टर_बेलापूर

घंटी बांधा नाहीतर बांधू नका, त्या फिकट डोळ्याच्या काळीचा रिपोर्ट आल्याशिवाय एकही जनावर वाड्यात पाठवायचं नाही. आलं की इथे टाका.